कुठल्या जातीचा आहे हो?

मैत्रिणींनो, परीक्षा संपल्या, सुट्टी लागली, की घरोघरी एक हट्ट हमखास सुरू होतो. ‘आई, आपण कुत्रा आणूया ना!’ दोन दिवस आपण ‘नाही’ म्हणतो. तिसऱ्या दिवशी बाबा मुलांच्या बाजूने जातात. चौथ्या दिवशी मोबाइलवर फोटो दाखवणं सुरू होतं. हा बघ लॅब्राडोर, हा बघ पग, आणि हा निळ्या डोळ्यांचा हस्की कसला देखणा आहे! जातीवर चर्चा रंगते, किमतीवर घासाघीस होते, नावसुद्धा ठरतं. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. सकाळी सहाला, एका शेगडीवर दूध आणि दुसरीवर पोळ्या असताना, त्याला खाली कोण घेऊन जाणार?

उत्तर तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

मी गृहिणी. बचत गटाच्या कामामुळे काळाचौकी, लालबाग, शिवडीच्या घराघरांत माझं येणं-जाणं असतं. त्याच ओळखींच्या जोरावर आम्ही चार-पाच जणी गेली काही वर्षं रस्त्यावरच्या पिल्लांना घर मिळवून देण्याची खटपट करतो. त्यामुळे कुत्रा आणणारी घरं मी पुष्कळ पाहिली. आणायला अख्खं कुटुंब जातं. पुढे सांभाळणारी एकटी बाई असते. त्याचं खाणं, त्याची शी-शू, लादी पुसणं, झडलेले केस गोळा करणं, पावसात भिजून आला की पुसणं, डॉक्टरकडे नेणं. कुत्रा दहा-बारा वर्षं, कधी चौदा वर्षं जगतो. हट्ट करणारी मुलगी तोवर लग्न होऊन सासरी गेलेली असते! म्हणून माझं म्हणणं असं, की कुत्रा आणायचा की नाही आणि आणायचा तर कुठला, हे ठरवण्याचा पहिला अधिकार घरातल्या बाईचा. आणि ठरवताना तिने फोटो बघू नये. आपलं घर, आपला जिना, आपली हवा आणि आपला दिवस बघावा.

आता सगळ्यांची पहिली पसंती लॅब्राडोर. ती चुकीची आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. आम्हा मुंबईकरांना तर या जातीबद्दल विशेष कृतज्ञता आहे. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर नावाच्या लॅब्राडोरने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर आणि हातबॉम्ब हुंगून काढले. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला. २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात काम केलेल्या कुत्र्यांपैकी शेवटचा, सीझर, ऑक्टोबर २०१६ मध्ये विरारच्या फार्मवर गेला. तोही लॅब्राडोरच. मुलांशी गोड, शिकायला तयार, पाहुण्यांवर उगाच न भुंकणारा. सोबती म्हणून आणखी काय हवं?

पण हा कुत्रा मुळात कशासाठी घडला ते बघा. त्याचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलँड किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर थंडगार पाण्यात उतरायचे, जाळी-दोर ओढायला मदत करायचे. पुढे इंग्लंडच्या जमीनदारांनी त्याला शिकारीत पडलेले पक्षी उचलून आणायला तयार केलं. म्हणजे दिवसभर अंगमेहनत करणारा हा गडी. अशाला दहा बाय बाराच्या खोलीत बसवला आणि येता-जाता बिस्किटं दिली, तर काय होणार? तो फुगतो. त्यात त्याची भूकही जन्मजात जास्त. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडोरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकात बदल असतो आणि त्यामुळे त्यांचं लक्ष सतत खाण्याकडे असतं. म्हणजे तुमचा लॅब्राडोर जेवणाच्या ताटाशेजारी केविलवाणा चेहरा करून बसला, तर तो उपाशीच असेल असं नाही. वजन वाढलं की या जातीची कंबर आणि मागचे पाय दुखायला लागतात. आणि तीस किलोचा कुत्रा म्हातारपणी जिना चढेनासा झाला, की त्याला उचलायचं कोणी? आमच्या ओळखीच्या एक काकू चौथ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. काका आणि शेजारचा मुलगा मिळून चादरीची झोळी करून त्याला खाली न्यायचे, ते मी स्वतः पाहिलं आहे. प्रेमात काही कमी नव्हती हो, पण जिना तर तोच होता ना!

हाच प्रश्न प्रत्येक जातीला विचारावा. तू मूळचा कुठला, आणि तुझं काम काय होतं?

पग घ्या. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत तो छोट्या मुलाच्या मागे मागे चालला आणि सगळा देश त्याच्या प्रेमात पडला. चीनच्या राजघराण्यांत मांडीवर बसायला वाढवलेला हा कुत्रा. त्या अर्थाने तो छोट्या घराला सोयीचाच. पण त्याचं नाक इतकं दाबलेलं, की श्वास घेतानाच तो घुरघुरतो. लोकांना ते घोरणं गोड वाटतं, जनावरांच्या डॉक्टरांना वाटत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. ज्याला नीट श्वासच घेता येत नाही त्याने मे महिन्यात अकोल्यात किंवा जळगावात काय करायचं? हस्कीबद्दल तर बोलायलाच नको. सायबेरियाच्या बर्फात गाड्या ओढणारा, अंगावर दुहेरी लोकरीचा कोट घातलेला प्राणी आपण चंद्रपूरच्या उन्हाळ्यात आणतो आणि मग त्याच्यासाठी एसी लावतो. परदेशातून विक्रीसाठी कुत्री आणण्यावर केंद्राने २०१६ मध्ये बंदी घातली, पण इथेच पैदास करून विकणारे भरपूर आहेत.

डॅशहुंड म्हणजे आखूड पायांचा, लांबुळका. बिळात शिरून शिकार बाहेर काढण्यासाठी जर्मनांनी घडवलेला. अतिशय धीट, आणि आकाराच्या मानाने आवाज दणदणीत. पण त्याचा कणा लांब असल्यामुळे उड्या आणि जिने त्याला सोसत नाहीत, मणका सरकतो. तळमजल्याच्या घरात ठीक. जर्मन शेफर्ड हुशार खरा, पण त्याच्या हुशारीला रोज काम लागतं. नुसता दाराशी बांधून ठेवलेला शेफर्ड चिडका होतो आणि मग लोक म्हणतात, जातच तसली!

छोट्या घरासाठी विकतचाच कुत्रा घ्यायचा झाला, तर मी आपल्याकडच्या पांढऱ्या केसाळ स्पिट्झला मत देईन. आपण त्याला सरसकट पॉमेरियन म्हणतो. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवतो ना? तोच. भारतात पिढ्यान् पिढ्या वाढल्याने तो आपल्या हवेला बराच सरावला आहे, खाणं बेताचं, आणि घरातल्या आजीशी त्याचं चांगलं जमतं. भुंकतो मात्र कुकरच्या शिट्टीवरसुद्धा. आणि केस रोज विंचरावे लागतात, ते कोण विंचरणार हे आधी ठरवा.

ज्यांच्याकडे शेत आहे, वस्तीवर घर आहे, अशा मैत्रिणींसाठी आपल्या मातीतला कारवान आहे. लातूर, सोलापूर भागातल्या वाचकांना मी काय सांगणार! उंच, सडसडीत, लांब तोंडाचा, नजरेने शिकार हेरून वाऱ्यासारखा धावणारा. केसाळ असेल तर त्याला पश्मी म्हणतात. याचाच सख्खा भाऊ म्हणजे पलीकडच्या कर्नाटकातला मुधोळ, ज्याच्यावर २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं आणि पुढे ज्याला लष्करानेही प्रशिक्षणासाठी घेतलं. हा मानी कुत्रा आहे. अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, आपल्या माणसावर मात्र जीव टाकतो. त्याला पळायला रान हवं. पुण्या-मुंबईत हौसेने फ्लॅटमध्ये कारवान ठेवणारे भेटतात, तेव्हा मला त्या कुत्र्याचीच दया येते.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. जातीवरून स्वभाव कळतो असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती गोळा केली, अनेकांचे जनुकही तपासले आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडला. एका कुत्र्याच्या वागण्यात दुसऱ्यापेक्षा जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता येतो! बाकीचं मग त्याचा स्वतःचा पिंड, त्याचं बालपण, त्याला मिळालेली माणसं. म्हणजे जात आपल्याला शरीर सांगते – नाक केवढं, केस किती, भूक किती, हाडं कशी. सोबत कशी मिळेल हे ती फारसं सांगत नाही. माणसांच्या बाबतीत हे आपल्या संतांनी केव्हाच सांगून ठेवलंय, कुत्र्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञांना सांगावं लागलं.

आणि म्हणून मी येते आमच्या गावठीकडे.

आमचं कॉटन ग्रीन मुंबईबाहेरच्या मैत्रिणींना फारसं ठाऊक नसेल. हार्बर रेल्वेवर शिवडी आणि रे रोडच्या मधलं हे स्टेशन. कापसाचा व्यापार कुलाब्याहून इकडे हलला आणि येताना नावही घेऊन आला. एका बाजूला बंदराची जुनी गोदामं, दुसऱ्या बाजूला चाळी, गिरणी कामगारांची वस्ती, आणि आता त्यांच्या जागी उभे राहणारे टॉवर. गोदामांच्या रखवालदारांना रात्री सोबत असते ती गावठी कुत्र्यांचीच. चाळीतही एखादा कुत्रा असायचा, तो कुणा एकाचा नसायचा. पहिल्या खोलीतून भाकरी, चौथ्या खोलीतून माशाचं डोकं, गणपतीत मोदकसुद्धा. दिवसा जिन्याखाली झोपायचा, रात्री अनोळखी पाऊल वाजलं की सगळी चाळ जागी करायचा. चाळीतली प्रत्येक व्यक्ती त्याला वासावरून ठाऊक. आजारी पडला, तर चार घरांतून वर्गणी निघायची.

पुनर्विकासात चाळ पडते तेव्हा माणसांना भाड्याचे पैसे मिळतात, टेम्पो येतात, सामान जातं. कुत्रा राहतो. पत्रे ठोकलेल्या मोकळ्या जागेभोवती तो महिनोन् महिने फिरत असतो, कारण त्याच्या लेखी घर तिथेच आहे. आणि तीच माणसं नव्या इमारतीत गेली, की हौसेने पग विकत घेतात! नव्या घरात जाताना जुन्या चाळीचा कुत्रा बरोबर नेणारी दोन कुटुंबंही मी पाहिली आहेत, हेही सांगायला हवं. एकीने तर सोसायटीच्या सभेत भांडून त्याला ठेवून घेतलं. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तो कागद तिने छापून नेला होता. कुत्रा गावठी असला तरी तो पाळीवच, हे मात्र सभेला समजवायला तिला तासभर लागला म्हणे.

गावठी कुत्र्याला कुणी घडवलं नाही. आपल्याच उन्हाने, पावसाने आणि उपासमारीने हजारो वर्षं त्याची निवड केली. आखूड केस, मध्यम बांधा, लांब नाक, उभे कान. उष्णता सोसतो, अंगाला वास कमी, विंचरायचं काम नाही, खाणं माफक. ठरावीक रूपासाठी जवळच्या नात्यात पैदास केलेल्या जातींना जे आनुवंशिक आजार होतात, ते याला कमी. चलाख इतका, की शी-शूची जागा चार-आठ दिवसांत शिकतो. लाडीगोडी लॅब्राडोरइतकी करणार नाही. तो आधी तुम्हाला जोखतो. अनोळखी माणसाबद्दल सावध असतो, म्हणून पिल्लू असल्यापासून त्याला माणसांची, मुलांची, गाड्यांच्या आवाजाची सवय लावावी लागते. एवढं केलंत, तर आपल्या हवेला आणि आपल्या जिन्याला मानवणारा असा सोबती दुसरा नाही, हे मी पाहून सांगते.

आणि याला श्रीमंतांचं घर शोभत नाही असं कुणी समजू नये. रतन टाटांनी मुंबईच्या बॉम्बे हाउसमध्ये, टाटा समूहाच्या मुख्यालयात, २०१८ च्या नूतनीकरणाच्या वेळी रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास जागा करून दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा अंत्यदर्शनासाठी त्यांचा लाडका ‘गोवा’ आणला होता. तोही रस्त्यावरचाच.

मुंबईची तर कुत्र्यांसाठी भांडायची जुनी परंपरा आहे. १८३२ च्या जून महिन्यात, इंग्रज सरकारने बक्षीस लावून मोकाट कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा फोर्टात पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतरही लोक सामील झाले, दुकानं बंद पडली आणि शेवटी सैन्य बोलवावं लागलं. पुढे दोन वर्षांत, १८३४ मध्ये, जमशेदजी जिजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. आमच्या घरापासून जवळ परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय आहे, तिथेच १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. या रुग्णालयाच्या बाकावर एकदा बसून बघा. मांडीवर पर्शियन मांजर घेतलेली बाई आणि पोत्यात गुंडाळून जखमी गावठी कुत्रा आणलेला हमाल शेजारी शेजारी बसलेले असतात. तिथे जात कुणी विचारत नाही, वजन विचारतात – औषधाच्या मात्रेसाठी!

कुत्री चावतात, त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. पहाटे दूध आणायला निघालेल्या बाईला आणि शाळेत जाणाऱ्या मुलाला टोळक्याची भीती वाटते, ती खोटी नाही. रेबीज झाला की वाचणं जवळजवळ अशक्य असतं. त्यामुळे चावा असो वा नुसता ओरखडा, हळद-चुना न लावता साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून इंजेक्शनचा पूर्ण कोर्स घ्यायचा, मध्ये सोडायचा नाही. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करण्याचे नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये नव्याने आले. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं, की नसबंदी-लसीकरण झालेली कुत्री पुन्हा त्याच जागी सोडावीत, रेबीज झालेली किंवा आक्रमक असलेली सोडू नयेत, आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं. निवारे आहेत कुठे, हे तुमच्या नगरपालिकेला जरूर विचारा. नसबंदीवर गेल्या वर्षी किती खर्च झाला हेही विचारा. महिला नगरसेवक असेल तर तिलाच गाठा. आमचा अनुभव असा, की चार बायका गप्प न बसता सारख्या जात राहिल्या, की गाडी येते.

पिल्लू घरी आणायचं ठरलंच, तर ते दोन महिन्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. त्या काळात ते आईकडून आणि भावंडांकडून बरंच काही शिकतं – किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, हेसुद्धा. पहिल्या आठवड्यातच डॉक्टरकडे न्या, जंताचं औषध द्या, पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसी वेळेवर घ्या. पार्व्होने पिल्लं दोन दिवसांत जातात. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, ती पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून फिरवू नका, लेप्टोचा धोका त्यालाही असतो आणि आपल्यालाही. चॉकलेट, कांदा, द्राक्षं-बेदाणे आणि शिजवलेली कोंबडीची हाडं बंद. चहात बुडवलेलं बिस्कीट म्हणजे जेवण नव्हे, हे घरातल्या आजोबांना पटवणं सर्वांत अवघड, पण पटवा. फिरवण्याच्या पाळ्या कागदावर लिहून फ्रिजवर लावा, त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव हवं.

आता शेवटची एक गोष्ट, जी मला फार लागते. पिल्लं द्यायची आहेत असं कळलं, की दोनच प्रश्न येतात. पहिला, ‘कुठल्या जातीचा आहे हो?’ आणि दुसरा, ‘नर आहे ना? मादी नको बाई!’ का नको, तर पिल्लं होतील. अहो, सहाएक महिन्यांनी ऑपरेशन करून घेतलं की प्रश्न मिटला. अनेक ठिकाणी संस्था ते अल्प खर्चात करतात. मादी घराला धरून राहते, भटकायला कमी जाते, मुलांशी सांभाळून वागते. तरीही पाच पिल्लांतले दोन नर पहिल्या आठवड्यात जातात आणि तिघी बहिणी मागे उरतात. नकार देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

या वेळी गोदामाच्या भिंतीलगत झालेल्या पिल्लांपैकी दोघी अजून आमच्याकडे आहेत. एक तांबूस, एक काळी, छातीवर पांढरा ठिपका. पहिली लस झाली आहे. जात विचाराल तर कॉटन ग्रीनच्या.